दुसऱ्याच्या दावणीला

आत्या गोठ्याच्या दारात दोन्ही हात आडवे लावून उभ्या होत्या.

"तू आत यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "हितनंच माघारी फिर."

माझ्या हातात गरम पाण्याची बादली होती. आतून चांदणीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मध्येच ह्यांचा आवाज, "पाणी आण की लवकर!" आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बादली माझ्या हातातून ओढून घेतली आणि पायानंच दार लोटलं. मिटता मिटता फटीतून मला एवढंच दिसलं: ह्यांचा कोपरापर्यंत माखलेला उघडा हात, आणि गोणपाटावर निपचित पडलेलं वासरू. अंगावर नीट केसही न आलेलं.

गाय गाभडली होती. दिवस भरायच्या आधीच वासरू टाकलं होतं तिनं, तेही मेलेलं.

मला तेव्हा पाचवा महिना होता. पहिलटकरीण होते. गाभडलेल्या जनावराची सावली पोटुशा बाईवर पडू नये, असं आत्यांचं म्हणणं. मी बारावी झालेली, मला मनातून हसू आलं. पण सासूशी वाद कोण घालणार? चुलीपाशी जाऊन बसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या गोठ्यात दोन म्हशी, एक खिलार गाय आणि आत्यांच्या लाडाची एक कालवड होती. ह्यांना, शहाजींना, ते पटायचं नाही. "निम्मी दावण बसून खाती," ते म्हणायचे. एक म्हैस आटलेली, दुसरी आटायच्या बेतात, खिलार गाईचं दूध वासरालाच पुरायचं. माणदेशातली आमची जमीन, वैरण विकत आणायची, आणि ती भाकड जनावरांपुढं टाकायची, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. दावणीला सगळी दुभतीच पाहिजेत, असं त्यांनी मनात घेतलं. म्हशी विकल्या, खिलार विकली. कालवड तेवढी आत्यांनी सोडली नाही. मग आल्या तीन संकरित गाई. राणी आणि मोरी जवळच्याच गावांतून. चांदणी मात्र एका व्यापाऱ्याकडून, लांबून. दिसायला अशी देखणी, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. गाभण होती तरी दोन्ही वेळचं मिळून दोन बादल्या भरायच्या. डेअरीवर शहाजींची मान वर झाली होती. बाकी सगळ्या गाई मिळून देत नव्हत्या तेवढं ती एकटी देत होती.

आणि तीच गाभडली. वासरामागची वार, आमच्याकडं जार म्हणतात ती, पडेना म्हणून ह्यांनी हात घालून ओढून काढली.

महिना उलटला आणि मोरीनंही टाकलं.

त्या दिवशी शहाजी स्वतः जाऊन डॉक्टर गुंजाळांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी सगळ्या जनावरांचं रक्त काढून नेलं. चार दिवसांनी परत आले ते गोठ्याकडं न जाता सरळ ओसरीवर येऊन बसले.

"शहाजीराव, चांदणी आणि मोरी, दोन्हींना सांसर्गिक गर्भपाताची लागण आहे. राणी आणि कालवड चांगल्या आहेत. त्यांना आजच वेगळ्या बांधा."

"औषध काय द्यायचं?"

"जनावराला औषध नाही ह्यावर."

"मग मरायच्या का त्या?"

"मरत नाहीत, तेच तर वाईट आहे. दूध देतात, खातात, बघणाऱ्याला चांगल्या दिसतात. एकदा टाकतात, क्वचित दुसऱ्यांदा टाकतात, मग पुढं गर्भ धरतातही. पण ज्या दावणीला जातील तिथं रोग पेरतात." मग माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "आणि हा माणसालाही होतो. तुम्ही गोठ्यात जायचं नाही. दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. जार, मेलेलं वासरू, काही उघड्या हातानं शिवायचं नाही. बाईमाणूस गरोदर असेल तर पोटातलं जाऊ शकतं." त्यांनी पिशवीतून लांब प्लॅस्टिकचे हातमोजे काढून ओसरीवर ठेवले. "आणि ह्या गाई विकायच्या नाहीत."

डॉक्टर गेले. आत्या कुडाला टेकून बसल्या होत्या. माझ्या पोटाकडं बघून त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. सावलीबद्दल त्या त्यानंतर काही बोलल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

शहाजींना ताप यायला लागला तो ह्याच सुमाराला. दुपारपर्यंत माणूस बरा असायचा. ऊन कललं की अंगात कणकण, मग घाम, असा की बंडी पिळून काढावी. गुडघे धरले. कडब्याची पेंढी उचलता येईना. तरी दवाखान्यात जायला तयार नाहीत. उन्हानं झालंय, म्हणायचे. आणि रोज एकच घोकायचे, चांदणी काढायची.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरला काय जातंय सांगायला? धा वरसं तिला दावणीला उभी करून काय करू?"

"ज्याच्या दारात जाईल त्याचं काय रं?" आत्या म्हणाल्या. "त्याच्याबी घरात लेकीसुना असत्यालच."

"मला कुणी सांगितलं हुतं का, आये? मला इकणाऱ्यानं सांगितलं हुतं?"

नवरा तापानं फणफणत होता आणि म्हणत होता ते खोटं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते भल्या सकाळी, छोटा टेम्पो घेऊनच. मच्छिंद्र नाव, चाळिशीचा, पांढरा सदरा, हसऱ्या तोंडाचा. बरोबर बायको, कांता. काटकुळी, डोळ्यांखाली काळं, पण हात असे सरावाचे, की चांदणीच्या कासेला तिनं हात लावला आणि गाय पाय न उचलता उभी राहिली. चारी सडांतून धार काढून बघितली, पाठीवर थाप मारली, नवऱ्याकडं बघून मान हलवली. मच्छिंद्र आणि शहाजी बाजेवर बसून बोलायला लागले. आत्या मुकाट्यानं मळ्यात निघून गेल्या. त्यांना तिथं उभं राहवलं नाही.

मी कांताला चहाला आत बोलावलं. भुगोणं चुलीवर ठेवलं. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. बाहेर सौदा होत होता आणि ही बाई माझ्या चुलीपुढं पाटावर बसून माझ्याच चहाची वाट बघत होती. हिला सांगितलं तर नवरा मला घरात ठेवणार नाही असं वाटत होतं, आणि न सांगता तिला चहा देणं होत नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "ही गाय घेऊ नका. हिनं टाकलंय. रोग आहे तिला."

मला वाटलं ती दचकेल, उठून नवऱ्याला हाक मारेल. ती हसली.

"ठावं हाय की. म्हणून तर आलोय."

"म्हणजे?"

"आमच्याकडं समद्या असल्याच हायती. टाकलेली गाय लोक निम्म्या पैशात काढत्यात. ह्यो फिरतो आन् गोळा करतो. एक डाव टाकती, लई झालं तर दोन डाव, मग धरती. दुधाला काय धाड भरत न्हाई." तिनं दारातून चांदणीकडं बघितलं. "ही तर लई गुणाची हाय. तुमी उगं जिवाला घोर लावून घेतला."

माझा जीव भांड्यात पडला म्हणायला हरकत नव्हती. कुणाला फसवत नव्हतो आम्ही. घेणाऱ्याला सगळं माहीत होतं. मी चहात साखर घातली.

कांतानं माझ्या पोटाकडं बघितलं. "कितवा?"

"सातवा लागेल."

"जप गं बाई. पहिलंच ना?" तिनं कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केल्यासारखं केलं. "मला चार डाव ऱ्हायलं. एकबी पुरं गेलं न्हाई. गाई धरत्यात, माझं न्हाई धरत."

भुगोण्यातला चहा उतू गेला. मी तो तसाच जाऊ दिला.

"ताई, तुम्हाला ताप येतो का?"

"येतो की. सांजचा. घाम फुटतो, मग जातो. कंबर तर कायमचीच धरलीया. का गं?"

मी सांगितलं. डॉक्टर गुंजाळ आमच्या ओसरीवर जे बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. दूध, जार, उघडा हात, गरोदर बाई. माझ्या नवऱ्याचा ताप सांगितला. कांता ऐकत होती. चहाचा कप तिनं पाटाशेजारी खाली ठेवला.

"माणसाला हुतो?" तिनं विचारलं.

"होतो. पण माणसाला गोळ्या आहेत. बरं होतं."

ती आपल्या हातांकडं बघत बसली. मग बोलायला लागली ती माझ्याशी नव्हे, आपली आपणच.

"आमच्याकडं एक डॉक्टर आला हुता. लई दिस झालं. गायी बघून ह्यास्नी लांब बाभळीखाली घिऊन गेला. मी इचारलं, काय म्हणत हुता? तर म्हणं, पेंड बदला म्हणतोय." ती थांबली. "त्या दिसापासनं गाय व्यायला आली की ह्यो हात लावत न्हाई. तुझा हात बारीक हाय, म्हणतो, गाईला तरास कमी हुतो. जार मीच काढती. मेलेलं मीच पुरती. आन् आधी धारोष्ण पीत हुता तांब्या भरून. त्यो सोडला. म्हणं, पित्त हुतं." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी पिती अजून. माझ्या पोटात टिकावं म्हणून त्योच देतो आणून. ताकद येती म्हणं."

बाहेरून मच्छिंद्रची हाक आली. "अगं ए, च्या पितीस का गावजेवण जेवतीस? चल, गाय चढवायची!"

मी कोनाड्यातले हातमोजे काढले आणि तिच्या पुढ्यात धरले. तिनं ते घडी करून कमरेला खोचले, वरून पदर सारखा केला आणि बाहेर गेली. नवऱ्याला ती काही बोलली नाही. चांदणीच्या शिंगांना हात घालून तिला चुचकारत टेम्पोत चढवली. चांदणी तिच्यामागं लेकरासारखी गेली. टेम्पो निघाला तेव्हा कांता मागं गाईशेजारीच उभी होती, दावं मुठीत धरून. मच्छिंद्र पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता.

मी शहाजींना तिथंच अंगणात सगळं सांगितलं. हातात नोटा होत्या त्यांच्या. त्या त्यांनी मोजल्याही नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. रक्त तपासलं, लागण निघाली. माझंही तपासलं, मी सुटले होते. सहा आठवडे गोळ्या चालल्या. त्यांचा ताप गेला, पण गुडघे पहिल्यासारखे कधीच झाले नाहीत.

मोरी त्यांनी विकली नाही. तिला पलीकडं वेगळ्या छपरात बांधली, तिचं सगळं हातमोजे घालून स्वतः करायचे. कालवडीला डॉक्टरांनी लस दिली. दावण आता निम्मी रिकामी होती.

मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट. आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे.

ती रांगायला लागली होती, त्या दिवसांत एकदा पुन्हा तोच टेम्पो दारात येऊन थांबला. मच्छिंद्र हसत उतरला.

"पावणं, ती दुसरी हाय का अजून? असली तर बोला."

मी मुलीला काखेला मारून बाहेर आले. टेम्पोत पुढच्या बाजूला एक मुलगी बसली होती. हिरवा चुडा, हळद अजून पुरती न उतरलेली. तीही खाली उतरली आणि मच्छिंद्रच्या मागं येऊन उभी राहिली. वयानं वीसचीही नसेल.

"कांताताई नाही आल्या?" मी विचारलं.

"तिला भावाकडं धाडली," मच्छिंद्र म्हणाला. "तिच्यात काय राम ऱ्हायला न्हवता. हितनं गेली ती डोकं फिरवूनच गेली. दवाखाना काय, गोळ्या काय. गोठ्यात पाय ठेवीना. दूध काढ म्हटलं तर कसलं तरी प्लॅस्टिक घालून बसायची. लेकरूबी न्हाई आन् कामबी न्हाई. मग काय पूजा करायची?"

म्हणजे कांतानं ऐकलं होतं. गोळ्या घेतल्या होत्या, हात झाकले होते. आणि म्हणून ती आता त्या घरात नव्हती.

ती नवी मुलगी मोरीच्या छपराकडं बघत होती. मच्छिंद्रनं तिला हाक मारली, "जा, कास बघून ये. तुझा हात बारीक हाय."

ह्या खेपेला मी स्वयंपाकघरात गेले नाही. तिथंच, अंगणात, सगळ्यांसमोर बोलले. "बाई, थांब. त्या गाईला शिवू नकोस. तिचा रोग माणसाला होतो. तुझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची चार बाळं त्यानंच गेली असतील. ह्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. ह्यांना सगळं ठाऊक आहे."

मुलगी जागच्या जागी उभी राहिली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मच्छिंद्र मोठ्यानं हसला. "पावणं, बायकूला आवरा. कायबी बोलती."

शहाजी बाजेवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच उठावं लागायचं त्यांना. "ती खरं बोलती," ते म्हणाले. "गाय इकायची न्हाई. टेम्पो काढा."

मच्छिंद्रचं हसू गेलं. तो तोंडातल्या तोंडात शिवी देऊन वळला. मुलगी अजून तिथंच होती. त्यानं तिच्या दंडाला धरलं नाही की ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "चल, ऊन हुतंय." आणि ती गेली.

आत्या आतून ऐकत होत्या. टेम्पो वळत होता तेवढ्यात त्या लगबगीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या, काहीतरी विचारलं आणि माघारी आल्या.

"पोरीचं माहेर इचारलं," त्या म्हणाल्या. "त्यो काय ऐकायचा न्हाई. पर आईबापाला तर सांगावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरी फडक्यात बांधली आणि एसटीनं गेल्या. दोन गाड्या बदलून जायचं होतं. त्या वयात, एकट्या. परत आल्या तेव्हा दिवस मावळत होता. मी पाय धुवायला पाणी दिलं. त्या दगडावर बसल्या, पण पाण्याला हात लावीनात.

"भेटले का?" मी विचारलं.

"भेटलं. बाप, आई, दोगंबी. चांगली हायती माणसं. मोलमजुरी करून खात्यात." त्यांनी तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. "दारात गाय बांधलीया. संकरित. जावयानं दिलीया लगनात. पोरीचा हुंडाबिंडा काय घेतला न्हाई म्हणं, उलट गायच दिली. समद्या गावात त्याचं नाव झालंय."

शहाजी बाजेवर उठून बसले. "कसली गाय?"

"कसली असंल?"

मुलगी माझ्या पायाशी रांगत आली, मी तिला उचलून घेतलं.

"मी समदं सांगितलं," आत्या म्हणाल्या. "काय बी राखलं न्हाई. बाप उठून भायेर गेला. आई बसली. तिनं मला च्या केला, त्याच गाईच्या दुधाचा. न्हाई कसं म्हणायचं? घेतला. चांगला उकळला हुता. मग मी म्हणलं, बाई, पोरीला घिऊन ये. तर ती म्हणाली..."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, घरात धाकट्या दोघी हायती आजून. ह्या गाईच्या दुधावर त्यांचं पोट हाय. पोरगी आणायची तर गाय माघारी द्यावी लागंल."

त्यांनी तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं, आत आल्या आणि न जेवता निजल्या.